चोवीस तास चालणारी कणगी

कोकणातल्या जुन्या घरात भाताची कणगी असायची. बांबूची विणलेली, शेणामातीनं सारवलेली, पुरुषभर उंच. पाहुणा तिचा घेर बघून थक्क व्हायचा. घरातली म्हातारी मात्र वाकून तळ बघायची: ओल आली आहे का, उंदरानं कुठं भोक पाडलंय का. घरच्या घरी स्टोरेज सर्व्हर जुळवण्याबद्दल गेल्या वीस वर्षांत जो खल झाला तो वाचताना मला हा पाहुणा आणि ही म्हातारी सारखी आठवतात. प्रोसेसर किती कोअरचा, डिस्क किती टेराबाइटची, यावर पाहुण्यांची भांडणं अखंड चालू असतात. डेटा पुष्कळदा तळातून जातो. शंभर रुपयांच्या कनेक्टरमधून, कोंदट कॅबिनेटमधून, अर्धवट बसलेल्या केबलमधून.

असा सर्व्हर हवा कुणाला, हा प्रश्न आता उरलेला नाही. फोनमधले दहा वर्षांचे फोटो, लग्नाचं चित्रीकरण, आजोबांच्या कॅसेटवरून उतरवलेली भजनं, स्कॅन केलेले सातबारे, हे सगळं ठेवायचं कुठं ही अडचण घरोघरी आहे. क्लाउडचं भाडं दरमहा जातं आणि जागा पुरत नाही. सिनॉलॉजी, क्यूनॅप यांचे तयार डबे, म्हणजे नॅस, मिळतात, ते वाईटही नसतात. पण २०२५ मध्ये सिनॉलॉजीनं आपल्या नव्या प्लस मालिकेत मुख्यतः स्वतःच्याच शिक्क्याच्या डिस्क चालतील असा नियम काढला, गिऱ्हाइकं खवळली आणि ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला. कणगी आपली आणि भात कुठला भरायचा हे बुरूड ठरवणार, हे कुणाला रुचेल? स्वतः जुळवणाऱ्यांची संख्या अशा प्रसंगांनी वाढते. सॉफ्टवेअरची अडचण तर केव्हाच सुटली आहे. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी घडवलेली झेडएफएस ही फाइल सिस्टिम २००५ मध्ये मुक्त झाली, त्याच वर्षी नॅससाठीच्या फ्रीनॅस या सॉफ्टवेअरचा जन्म झाला, आणि आज ट्रूनॅस या नावानं ते फुकट मिळतं. उरतो प्रश्न हार्डवेअरचा.

इथं बहुतेकांचा क्रम उलटा लागतो. आधी प्रोसेसर पसंत करायचा, त्याला साजेसा मदरबोर्ड घ्यायचा, उरलेल्या पैशांत डिस्क बसवायच्या. सुरुवात डिस्कच्या संख्येपासून करायला हवी. दोन डिस्कचं यंत्र आणि आठ डिस्कचं यंत्र या दोन वेगळ्या जाती आहेत. पोर्ट, एसएमपीएस, कॅबिनेट, पंखे, विजेचं बिल, सगळं त्या एका आकड्यावरून ठरतं. माझं मत विचाराल तर दहापैकी आठ घरांना दोन मोठ्या डिस्क पुरतात, एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर. आठ डिस्कची हौस ही बरेचदा हौसच असते. तिला माझी ना नाही, मीही केली आहे.

डिस्क निवडताना पहिली गोष्ट बघायची ती तिची लिहिण्याची पद्धत. सीएमआर डिस्कवर डेटाच्या रेघा शेजारी शेजारी, सुट्या असतात. एसएमआरवर त्या कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत माल जास्त मावतो. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावर चढलेली सगळी ओळ उचलून पुन्हा घालावी लागते. फोटो एकदा टाकून फक्त बघायचे असतील तर हे जाणवतही नाही. बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी घालून सगळा डेटा तिच्यावर पुन्हा उभा करायची वेळ येते तेव्हा ही डिस्क धापा टाकू लागते. एप्रिल २०२० मध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटलनं खास नॅससाठी म्हणून विकलेल्या २ ते ६ टेराबाइटच्या काही 'रेड' डिस्क गुपचूप एसएमआर केल्या होत्या. एका चाचणीत जे काम इतर डिस्कनी एका दिवसाच्या आत उरकलं त्याला या डिस्कला नऊ दिवसांहून अधिक लागले. नंतर कंपनीनं यादी जाहीर केली आणि सीएमआर डिस्कना 'रेड प्लस' असं वेगळं नाव दिलं. तेव्हापासून जाणकार माणूस खोक्यावरचं नाव वाचत नाही, मॉडेल क्रमांक वाचतो.

कोणत्या कंपनीची डिस्क टिकते, हा चहाच्या टपरीवरचा प्रश्न. त्याचं थोडंफार प्रामाणिक उत्तर बॅकब्लेझ या अमेरिकी साठवण कंपनीमुळे मिळतं, कारण २०१३ पासून ती आपल्याकडच्या डिस्कच्या बिघाडाची आकडेवारी छापत आली आहे. अलीकडची काही वर्षं सगळ्या डिस्क मिळून हे प्रमाण वर्षाला साधारण दीड टक्क्याच्या आसपास राहिलं आहे. त्यातून कळतं ते असं की कंपनीपेक्षा मॉडेलचा फरक मोठा असतो. २०११ च्या थायलंडमधल्या पुरानंतर डिस्कचे भाव कडाडले, तेव्हा मिळेल तिथून घेतलेल्या सीगेटच्या एका ३ टेराबाइट मॉडेलनं बॅकब्लेझला इतका त्रास दिला की २०१५ पर्यंत त्यातल्या बहुतांश डिस्क एक तर बंद पडल्या किंवा आधीच काढून टाकाव्या लागल्या. त्याच कंपनीची पुढची मॉडेलं व्यवस्थित चालली. म्हणजे एका डिस्कवरून कंपनीला जन्मभर शिव्या घालणारा काका आणि दुसऱ्या डिस्कवरून तिची आरती करणारा मामा, दोघांनाही नमुना फार थोडा मिळालेला असतो.

इशारा मिळेलच, याचाही भरवसा नाही. गुगलनं २००७ मध्ये लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास छापला. त्यातल्या बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी जाण्यापूर्वी स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीतल्या, चार ठळक खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. शांतपणे काम करता करता गेल्या. म्हणून एक डिस्क गेली तरी चालेल अशी रचना मुळातच हवी. या विचाराला १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेड (RAID) हे नाव दिलं. स्वस्त डिस्कची फळी, असा त्यातला मूळ भाव. पुढं विक्रेत्यांनी 'स्वस्त'च्या जागी 'स्वतंत्र' बसवलं, ते का हे सांगायला नको.

मोठ्या डिस्कमुळे या हिशेबात एक नवी मेख निघाली. १६ टेराबाइटची डिस्क सेकंदाला सरासरी १८० मेगाबाइट या वेगानं भरली तरी जवळजवळ २५ तास लागतात, आणि तेवढा वेळ तिच्या भावंडांवर सगळा ताण. एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या सहा डिस्क एकाच वयाच्या असतात, दुखणीही सारखी असू शकतात. म्हणून डिस्क पाच-सहाच्या वर गेल्या की दोन डिस्क एकदम गेल्या तरी चालेल अशी मांडणी घ्यावी, याबद्दल आता फारसं दुमत नाही. दोन-चार असतील तर नकलेची जोडी सगळ्यात सरळ. एका अडचणीतून मात्र अलीकडे सुटका झाली: झेडएफएसच्या रेड-झेड गटात मागाहून एखादीच डिस्क वाढवता येत नसे, जानेवारी २०२५ च्या ओपनझेडएफएस २.३ पासून येते. सुरुवातीलाच सगळ्या डिस्क घेऊन बसायची सक्ती त्यामुळे गेली.

सगळ्यात जुनं भांडण ईसीसी रॅमचं. या रॅममध्ये एखादा बिट उलटला तर तो ओळखून दुरुस्त होतो. गुगलच्याच २००९ च्या अभ्यासात वर्षभरात सुमारे ८ टक्के मेमरी पट्ट्यांमध्ये निदान एक तरी दुरुस्त करता येण्याजोगी चूक दिसली होती. यावरून एका पंथानं ठरवून टाकलं की ईसीसीशिवाय झेडएफएस म्हणजे आत्मघात. खुद्द अहरेन्स यांनी सांगितलं आहे की झेडएफएसला इतर फाइल सिस्टिमहून ईसीसीची जास्त गरज आहे असं काही नाही. डेटा प्यारा असेल तर कुठंही ईसीसी वापरा. मला हेच पटतं. मिळत असेल तर घ्यावी, तिच्यापायी डिस्क कमी करू नयेत. खरी गोची उपलब्धतेची आहे. इंटेलनं ईसीसी मुख्यतः वर्कस्टेशन आणि सर्व्हरच्या चिपसेटशी बांधून ठेवली. एएमडीच्या बऱ्याच रायझनवर ती चालते, पण मदरबोर्ड बनवणाऱ्यानं मनावर घेतलं असेल तरच. डीडीआर५ पट्टीच्या आत जी ईसीसी असते ती चिपच्या पोटापुरती, पट्टीपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर ती लक्ष ठेवत नाही. दुकानदार ती खरी ईसीसी म्हणून विकायला बसलेला असतो. प्रत्येक टेराबाइटमागे १ गीगाबाइट रॅम हवी हा आणखी एक पाठांतरातला नियम. घरच्या वापराला ८ किंवा १६ गीगाबाइट निवांत पुरते, डीडुप्लिकेशनच्या, म्हणजे सारख्या डेटाची एकच प्रत ठेवण्याच्या, नादी लागला नाहीत तर. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी रॅमचे भाव जे भडकवले ते बघता हा नियम विसरलेलाच बरा.

प्रोसेसर थोडक्यात उरकतो, कारण तो थोडक्यात उरकावा असाच भाग आहे. फाइली ठेवायला आणि द्यायला त्याला फारसे कष्ट पडत नाहीत. २०२३ च्या सुरुवातीला आलेला इंटेलचा ६ वॅटचा एन१०० बहुतेक घरांना पुरून उरतो, टीव्हीसाठी चित्रपटाचं रूपांतरही त्याच्यातलं ग्राफिक्स सहज करतं. त्याची मर्यादा वेगळीच आहे: पीसीआय एक्सप्रेसच्या फक्त ९ लेन. त्यातून नेटवर्क, एसएसडी आणि जादा साटा पोर्ट यांची वाटणी करायची. घर लहान आणि भाऊ पुष्कळ, तशी गत. कार्यालयांतून निघालेले सेकंडहँड डेस्कटॉप हा दुसरा चांगला मार्ग, फक्त त्यांच्या कॅबिनेटमध्ये दोनाहून जास्त मोठ्या डिस्क क्वचितच बसतात.

मदरबोर्डच्या बाबतीत इतिहास वाचावा. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलनं आपल्या अगदी नव्या ६ मालिकेच्या चिपसेटमध्ये दोष असल्याचं कबूल केलं. त्याचे काही साटा पोर्ट काळाच्या ओघात झिजत जाणार होते. डिस्क धडधाकट, पोर्ट म्हातारे. मग अ‍ॅटम सी२००० मालिका आली. त्यावर आधारलेला १२ साटा पोर्टांचा एक छोटा बोर्ड घरगुती सर्व्हरवाल्यांचा अगदी गळ्यातला ताईत झाला होता. २०१७ मध्ये कळलं की या चिपमधला घड्याळाचा सिग्नल काही काळानं मरू शकतो आणि मग यंत्र चालूच होत नाही. दोन्ही वेळा डेटा डिस्कवर शाबूत होता. म्हणूनच मी सॉफ्टवेअर रेडचा पुरस्कर्ता आहे. हार्डवेअर रेडचं कार्ड मेलं तर त्याच जातीचं दुसरं शोधत हिंडावं लागतं. झेडएफएसच्या डिस्क कुठल्याही बोर्डला लावा, त्या स्वतःची ओळख स्वतः सांगतात.

पोर्ट कमी पडले की जुन्या सर्व्हरमधून निघालेलं एलएसआयचं एचबीए कार्ड घ्यायचं, हा वर्षानुवर्षं चालत आलेला उपाय. ९२११-८आय सारख्या कार्डावर आठ डिस्क लागतात, फर्मवेअर आयटी मोडचं हवं म्हणजे ते मध्ये लुडबुड न करता डिस्क सरळ पुढं करतं. पण ही कार्डं सर्व्हरच्या सोसाट्याच्या वाऱ्यात जगलेली असतात. घरच्या शांत कॅबिनेटमध्ये त्यांचा हीटसिंक बोट टेकवत नाही इतका तापतो. चार सेंटिमीटरचा एक पंखा त्यावर बसवला की भागतं.

आता तळाकडे. एक ३.५ इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टच्या तारेवरून साधारण २ अँपिअर खेचते, फिरायला लागल्यावर मात्र ४ ते ६ वॅटवर येते. आठ डिस्क एकदम उठल्या तर त्या काही सेकंदांपुरती २०० वॅटच्या आसपास मागणी होते आणि नंतर सगळं यंत्र पन्नास-साठ वॅटवर निवांत बसतं. एसएमपीएसनं ही दोन्ही टोकं सांभाळायची असतात. गेमिंगचा ८५० वॅटचा आणला तर तो बहुतेक आयुष्य क्षमतेच्या दहाव्या हिश्शाखाली काढतो, आणि तिथं त्याची कार्यक्षमता घसरते. चांगल्या नावाचा ४५० ते ५५० वॅटचा पुरतो. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला मात्र भंगारवाल्याला द्यावा.

त्याहून मोठा प्रश्न वायरचा. साटाच्या पॉवर कनेक्टरला १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे साडेचार. बाजारात एका साटातून चार फाटे काढणारी वायर सर्रास मिळते. चार डिस्क उठताना आठ अँपिअर मागणार, वाट साडेचारची. माझ्या पहिल्या यंत्रात मोलेक्सवरून साटा करणारा असाच एक कन्व्हर्टर होता, प्लॅस्टिक ओतून बंद केलेला. एका दुपारी हॉलमध्ये उदबत्ती आणि जळकं रबर यांच्या मधला काहीतरी वास आला. आईनं स्वयंपाकघर पाहिलं, मी इस्त्री पाहिली. शेवटी कॅबिनेट उघडलं तर कनेक्टर तपकिरी होऊन डिस्कला चिकटलेला. अशा ओतीव कनेक्टरमध्ये आतल्या तारा जवळ सरकून शॉर्ट होतात, हे तोपर्यंत हजारो लोकांना माहीत होतं, मला सोडून. तारा स्वतंत्र दाबून बसवलेले कनेक्टर मिळतात, ते घ्यावेत. एसएमपीएसमधून थेट येणाऱ्या तारा सगळ्यात उत्तम. आणि मॉड्युलर एसएमपीएस बदलताना जुन्याच्या वायर नव्याला कधी लावू नयेत. टोक बसतं, पण आतली जोडणी कंपनीगणिक वेगळी असते. एका क्षणात आठही डिस्क जाण्याची ही खात्रीची रीत आहे.

कॅबिनेट म्हणजे दिसणं नव्हे, हवा. डिस्कसमोर पंखा हवा आणि दोन डिस्कमध्ये फट हवी. डिस्क गरम झाली की लवकर मरते, हा समज गुगलच्या त्या अभ्यासात मध्यम तापमानापुरता तरी टिकला नाही. पण त्यांचं मध्यम तापमान म्हणजे नागपूरचा मे नव्हे. चाळिशीच्या आसपास राहिलेली डिस्क बरी. कोकण आणि गोव्यातल्या वाचकांनी मात्र दुसरा एक अभ्यास लक्षात घ्यावा. मायक्रोसॉफ्टच्या डेटा सेंटरांवर आधारलेल्या २०१६ च्या एका शोधनिबंधात उष्णतेपेक्षा हवेतली आर्द्रता डिस्कच्या बिघाडाला जास्त जबाबदार ठरली, आणि तिचा मार बसला तो मुख्यतः डिस्कच्या सर्किटवर आणि जोडण्यांवर. आषाढ-श्रावणात बंद ठेवलेल्या यंत्रापेक्षा चालू असलेलं यंत्र त्यामुळे सुखी राहतं, स्वतःच्याच उबेनं कोरडं. हादऱ्यांचंही तसंच. २००८ च्या अखेरीस सनमधल्या ब्रेंडन ग्रेगनं डिस्कच्या रॅकवर तोंड नेऊन जोरात ओरडून दाखवलं, आणि पडद्यावरच्या आलेखात डिस्कचा प्रतिसाद त्या क्षणी मंदावलेला दिसला. पत्र्याच्या कपाटावर मिक्सरशेजारी सर्व्हर ठेवू नये, एवढा बोध पुरे.

विजेची गोष्ट आपल्याकडे वेगळी लिहावी लागते. घरी इन्व्हर्टर आहे म्हणजे निर्धास्त, असं नसतं. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण असतं, साधा मोड आणि यूपीएस मोड. साध्या मोडमध्ये बदल व्हायला इतका वेळ लागतो की पंख्याला कळत नाही पण संगणक बंद पडतो. ते बटण आयुष्यात एकदा तरी बघावं. वेगळा यूपीएस घ्यायचा तर यूएसबी पोर्ट असलेला घ्यावा. स्वस्तातल्या बऱ्याचशा यूपीएसला तो नसतो, आणि मग बॅटरी संपत आल्याचं सर्व्हरला सांगणारं कुणी नसतं. पोर्ट असला की नट नावाचं मोफत सॉफ्टवेअर वेळेवर यंत्र व्यवस्थित बंद करतं. अर्थिंग नीट नसेल तर हे सगळं सोडून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावं. बिलाचं म्हणाल, तर ४० वॅट सतत म्हणजे वर्षाला ३५० युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर साडेतीन हजार. पाच वर्षांचा हा आकडा प्रोसेसरच्या किमतीशेजारी मांडून पाहावा.

नेटवर्कबद्दल फार बोलत नाही. गीगाबिटवर सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास मिळतात, आजची एकटी डिस्क त्याच्या दुप्पट देते. व्हिडिओ संकलन करणाऱ्यानं २.५ गीगाबिट घ्यावं, बाकीच्यांनी तेच पैसे डिस्कला ठेवावेत. लिहिण्याचा वेग वाढवायला कॅशची एसएसडी लावायचा मोहही घरी बहुधा वायाच जातो.

खरेदी करताना डोळे उघडे हवेत. लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत 'पुल आउट' डिस्क स्वस्त मिळतात. सीसीटीव्हीच्या धंद्यामुळे जांभळ्या लेबलाच्या डिस्क तर गल्लोगल्ली आहेत, अडीनडीला त्या चालतातही. पण जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत उघडकीला आलं की सीगेटच्या हजारो तास वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या जात होत्या. चिया या क्रिप्टो चलनाच्या खाणींतून त्या निघाल्या असाव्यात असा संशय होता. स्मार्टमधले तास शून्य केलेले, पण फार्म नावाच्या आतल्या नोंदवहीनं खरं वय सांगितलं. डिस्क घरी आली की आधी तिचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून वॉरंटी तपासायची, मग अख्ख्या डिस्कवर एकदा लिहून वाचून घ्यायचं. मोठ्या डिस्कला यात काही दिवस जातात. मरायचीच असेल तर रिकामी असताना मरू दे.

हे सगळं जमलं तरी रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच पुसली जाते. दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा गावाला, एक प्रत हवीच. त्यासाठी जुनं यंत्र आणि एक मोठी डिस्क पुरते. पैसे कमी पडत असतील तर पहिल्या यंत्रातली एक डिस्क कमी करून ही प्रत आधी उभी करावी.

शेवटचा भाग दुकानात मिळत नाही. एकदा रात्री अकराच्या सुमाराला माझ्या चारपैकी एका डिस्कनं चुका दाखवायला सुरुवात केली. नवी डिस्क हातात तयार होती. कॅबिनेट उघडलं, चारही डिस्क एकसारख्या, आणि पडद्यावर फक्त सीरियल क्रमांक. तो छापलेला डिस्कच्या अंगावर, आत, दुसऱ्या डिस्कला टेकलेला. अंदाजानं एक ओढली. ती चांगली निघाली. सगळा गट जागच्या जागी थांबला. ती परत बसवून यंत्र पुन्हा चालू केल्यावर तो सुदैवानं उठला, तोवर साडेबारा वाजले होते. दुसऱ्या दिवशी मुलीच्या कंपासमधली पांढरी चिकटपट्टी घेतली आणि प्रत्येक कप्प्याच्या बाहेरच्या कडेला त्या डिस्कचे शेवटचे चार आकडे लिहून चिकटवले.